गाळ

सर्जेकोटच्या खाडीचं तोंड
दर वर्षी थोडं थोडं बुजत जातं.
भरतीची वाट बघून आत शिरावं लागतं,
नाहीतर होडीचा तळ वाळूला घासतो.
त्यासाठी अर्ज होतात, आमदाराकडे फेऱ्या होतात,
पेपरात फोटो येतो.
मी सोसायटीच्या डिझेल-खिडकीत पावत्या फाडत
ऐकत असते.
माझ्यासाठी अर्ज कुणाकडे करायचा
ते कुणी सांगितलं नव्हतं.

परळच्या वॉर्डात सगळं मोजत होते:
पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, ताप, लघवी,
खाल्लेल्या इडलीचे तुकडेसुद्धा.
बाबलच्या हाडांतली मज्जा
पिशवीतून उतरली माझ्यात,
तांबडी, दाट, कोकमाच्या आगळासारखी.
जगले. कौल फळला म्हणून घरच्यांनी नारळ ठेवला.
आता माझा रक्तगट भावाचा.
तपासणीत रक्त पुरुषाचंच निघतं.
बाबल हसतो, "मगे येतंस काय गो रापण ओढूक?"

कावळा शिवला तो शेवटचा एकोणतिसाव्या वर्षी.
मग फिरकलाच नाही.
सासू म्हणाली, "बरा झाला.
आता देवाचा बारमाही तूच कर."
तिला वाटलं, बक्षीस दिलं.
समई लावताना मानेतून आग उठते,
भर पौषात कपाळावर घाम,
ती बघते, अंगात वारं आलं की काय.

दुसरी गोष्ट समईपुढे सांगण्यासारखी नव्हती.
रुपेश चार दिवसांनी बोटीवरून आला होता.
मी दात चावून पडून राहिले.
अंधारात त्याला दात दिसले नसणार,
पण तो थांबला.
तेव्हापासून पडवीत झोपतो.
कारण उकाडा.
थंडीतही उकाडाच सांगतो.

बाबलच्या पेशी मला परकी मानतात,
असं फाइलीत लिहिलंय.
त्वचा, डोळे, तोंड,
तिन्ही चौकटींत बरोबरच्या खुणा.
चौथी चौकट छापलेलीच नव्हती.

कुडाळच्या वालावलकर डॉक्टरबाईंनी पडदा ओढला
आणि मासळीचा भाव विचारावा तसं विचारलं,
"संबंधाच्या वेळी दुखतं?"
या एका वाक्यासाठी मी तीन वर्षं थांबले होते,
हे तिथं टेबलावर कळलं.
रडू नाही, आधी हसू आलं.
म्हणाल्या, आतली कातडी कागदासारखी झालीय,
कडेकडेनं चिकटत चाललीय,
आधी आली असतीस तर...
तिथेच थांबल्या.
एक मलम, दुसरं मलम,
चार नळ्या, पहिली करंगळीएवढी,
आणि पिशवीच्या तोंडाची तपासणी दर वर्षी,
चुकवायची नाही.
मुलाचं मी विचारलं नाही.
त्यांनीही उत्तर दिलं नाही.

नळ्या तिरफळाच्या डब्यात ठेवते.
सासू बांगडे साफ करून तिरफळं मागते.
मी सांगते, संपली.
तीन महिने या घरात तिरफळं संपलेलीच आहेत.

आज ड्रेजर आला.
अख्खी वाडी धक्क्यावर.
पाइपातून काळा चिखल,
त्यात जाळ्याचे तुकडे, कुणाची तरी चप्पल.
पोरांनी टाळ्या पिटल्या.
रुपेश शेजारी उभा होता, हातभर अंतरावर.
म्हणाला, "एकदा काढून काय होवचा नाय.
परत भरतला."
"रोज थोडा थोडा काढूचा लागता," मी म्हटलं.
त्यानं वळून बघितलं.
मी खिडकीवर परत गेले, पावत्या खोळंबल्या होत्या.

रात्री तो अंथरूण काखेत घेऊन निघाला
तेव्हा म्हटलं,
"फळयेवरचो तिरफळांचो डबो काढ."
"ह्या वेळार? कालवण कसला?"
"कालवण नाय," म्हटलं. "काढ तर."